दहा रुपयांची पावती

“गिरणी थांबवा, बाई. शेठची मोटर आहे ही.”

भटूनं असं म्हणताच दळणाच्या रांगेतल्या बायांनी माना वळवल्या. तानुबाईनं खटका पाडला. पट्टा फटफटत थांबला.

धुळ्याच्या शेठसाठी वसुली करणारे भटू आणि त्याचा जोडीदार महिन्याभरात तिसऱ्यांदा दोंडाईच्यात आले होते. दुसरा कधी बोलत नसे. मोटरचे नटबोल्ट न्याहाळत उभा राही, कुठला पाना लागेल ते ठरवत असल्यासारखा.

मोटर एकोणऐंशी साली तिच्या मालकांनी शेठकडून उधारीवर आणली होती. ते जाऊन नऊ वर्षं झाली. या महिन्यापर्यंत शेठनं कधी विचारलंही नव्हतं. वकिलानं तिला बजावलं होतं, “बारा वर्षांनी कोर्टात याचं काही चालत नाही. पण तुम्ही नव्यानं कबुली लिहून दिलीत, तर सगळं पुन्हा मानेवर बसेल. रुपया देऊ नका, कशावर सही करू नका. आणि अक्का, तोंड आवरा. रागाच्या भरात ‘फेकते तुमचे पैसे’ म्हणून मोकळ्या व्हाल.”

तोंड आवरा! जिच्या तोंडाला तलाठी वचकून असे, तिला.

“रुपचंद लबाड निघाला,” भटू रांगेकडे बघत म्हणाला. “मेला तो मेला, बायकोला बुडवलेल्या मोटरीवर जगायला ठेवून गेला.”

तानुबाईच्या जिभेवर पाच-पंचवीस शब्द येऊन थांबले. तिनं पदराचं टोक दातांत धरलं. ही गिरणी गेली तर उद्या कुणाच्या दारात उभं राहायचं?

“बरं, आज नुसते दहा द्या. या पावतीवर सही करा, आम्ही चाललो.”

पावतीवर खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. तिला आपलं नाव तेवढं लिहिता येई; वाचता येत नव्हतं.

मागून भागाबाई पुढे आली. तीस वर्षांपासूनची शेजारीण. तिला राहवलं नाही. तिनं कमरेची दहाची नोट काढली.

“ले भाऊ, मी देस. अक्का, कर सही. तुले तं येस ना! सुटी जाशी.”

भटूचा हात पुढे झाला. तानुबाईनं झडप घालून नोट हिसकली आणि भागाबाईच्या अंगावर फेकली.

“तुले कोनी सांगं? ठेव तुना पैसा तुनापाशी! माले नको कोनी भीक!”

भटूनं सावकाश कागदाची घडी घातली. “परवा येतो. पाना घेऊनच येतो.”

दोघं समोरच्या पानटपरीवर जाऊन गिरणीकडे तोंड करून उभे राहिले. तिथून इथलं बोलणं सहज ऐकू जात होतं; देण्याबद्दल तिच्या तोंडून निघालेला एक शब्दही त्यांना पुरला असता.

“भीक म्हने,” भागाबाई पुटपुटली. खाली वाकून तिनं नोट उचलली, झटकली.

तानुबाईनं तोंड उघडलं. टपरीकडे बघितलं. मिटलं.

भागाबाईनं रांगेतला आपला डबा ओढून घेतला. आतली दादर ज्वारी तशीच होती, न दळलेली. तिनं डबा आधी गुडघ्यावर टेकवला, मग एकटीनंच डोक्यावर घेतला आणि ती उन्हातून स्टेशनाकडच्या गिरणीच्या वाटेला लागली.