चंदनगडचं मीठ

चंदनगडच्या गादीवरून चौदाशे बासष्टमध्ये दोन भाऊ भांडले. जो दुसऱ्याच्या घरचं मीठ खाईल, त्याच्या वंशाचा हक्क सुटला, असं ठरलं. पुढे राज्य केलं तिसऱ्याच घराने. ते घर यंदा निर्वंश झालं आणि दरबाराचं पत्र न्यूझीलंडला आलं: तुमचं तुम्ही मिटवा.

थोरल्याच्या वंशातली मृदुला फ्लॅट बुशला राहायची. हॉस्पिटलच्या ड्यूट्या करून ती पार थकली होती, गादी तिला नकोच होती. म्हणून तिनेच धाकट्याच्या वंशातल्या रमणला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीहून घरच्या जेवणाचा डबा घेऊन बोलावलं. दोन घास खाल्ले की सुटका.

रमणने डबा उघडला. भरल्या वांग्याकडे गेलेला तिचा हात मध्येच थांबला. ड्यूटी बघून वार ठरवला, आणि व्रत साफ विसरली होती.

"अरे, आज रविवार. माझं अळणी असतं."

"ताई, राज्य सोडायला निघालीस आणि एक रविवार सुटेना?"

"वीस वर्षं पाळलंय रे. सूर्यनारायणाला काय सांगू? डबा ठेवून जा, उद्या खाते."

रमणने समोरच्या बशीकडे पाहिलं. पाहुणा आला म्हणून सवयीने तिनेच चिवडा ठेवला होता. त्याने मूठभर तोंडात टाकला.

"अरे, थांब!"

"मलाही नकोय गं," तो चावत म्हणाला, आणि नुसत्या मोज्यांवर उभं राहून त्याने तिला वाकून मुजरा केला.

तो गेल्यावर मृदुला सोफ्यावर बसली. वॉर्डच्या मॅनेजरबाईंना रजेचं कारण काय सांगावं, ते तिला सुचेना.