पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य

"काकू, हे एवढं लाल काहून आलं?"

नंदिनी मेश्रामनं कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. चारुशीलाबाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. नंदिनीच्या प्रोजेक्ट रिपोर्टाचं पहिलं प्रकरण होतं ते. चारच दिवसांपूर्वी बाईंनी स्वतः सेट करून दिलेलं. आठ पानांपैकी सहा लाल, गुलाबी आणि हिरव्या रंगानं माखली होती, आणि वरच्या कोपऱ्यात चौकटीत आकडा होता : एकेचाळीस टक्के.

"हे काय आहे गं?"

"चोरी पकडायचं सॉफ्टवेअर. या सालापासून आणलं कॉलेजनं. जुने सगळे रिपोर्ट स्कॅन करून टाकले त्याच्यात. वीसच्या वर गेलं का समितीपुढे उभं करतात." नंदिनीचा आवाज फाटला. "मले उद्या अकराले बोलावलं. आमाले शिकवतात ते नाकाडे सर तं बोलतच नाहीत माझ्यासंग. डिग्री अडकली तं एक जुलैले पुण्याले हजर कशी होऊ? नोकरी गेलीच समजा. तुमी तं पाह्यलं ना काकू, मशीन मी बनवलं!"

पाहिलं होतंच. सलाईनची बाटली संपत आली की वाजणारी घंटी. एक हुक, एक वजनकाटा, एक इवलीशी सर्किटची पट्टी. नंदिनीनं ते दुकानातच पंख्याच्या हुकाला पाण्याची बाटली टांगून वाजवून दाखवलं होतं, आणि शेजारचा चष्मेवाला धावत आला होता.

बाईंचं दुकान प्रताप नगरात चोवीस वर्षांपासून होतं. टायपिंग, सेटिंग, बाइंडिंग. महाल भागातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटरवर हात बसलेला, पुढे कॉम्प्युटर आला तरी बोटं तीच. एप्रिल-मे आला की अर्धं कॉलेज त्यांच्या बाकड्यावर. डावीकडे दीड इंच समास, कारण बाइंडिंग तिकडेच होतं. आकृतीचं नाव खाली, तक्त्याचं वर. ऋणनिर्देशाला रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून साधे. हे सारं बाईंना स्तोत्रासारखं पाठ. एकदा कॉलेजच्या नियमपत्रिकेतच चूक निघाली, तर ती बाईंनी पत्र लिहून कळवली होती. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी चूक मात्र गुपचूप निघून गेली.

आणि एक काम बाई कुणी न सांगता करत. पोरं आणायची ते मॅटर, म्हणजे कच्चा मजकूर, वाचवत नसे. वाक्याला डोकं असलं तर पाय नाही. बाईंचं बी. ए. इंग्रजीत झालेलं. त्यांचा जीव राहायचा नाही. मग त्या भाषा बसवून देत. प्रकरणाच्या सुरुवातीला एखादं छान वाक्य, शेवटाला एखादं. कुणी भरतकाम करतं, कुणी लोणची घालतं. चारुशीलाबाई दुसऱ्यांच्या रिपोर्टात वाक्यं घालत. पोरं बघतही नसत. प्रस्तावना कोण वाचतं?

आता ती कुणीतरी वाचली होती. यंत्रानं.

बाईंनी शेवटचं पान उलटलं. कुठून-कुठून चोरलं त्याची यादी होती. चौदा रिपोर्ट. २००९, २०११, २०१४… नावं वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. चौदाच्या चौदा त्यांच्याच दुकानातून गेलेले.

"नंदिनी," त्या कशाबशा म्हणाल्या, "ही वाक्यं मी टाकली आहेत."

"कुठून घेतली?"

"कुठूनच नाही. माझीच आहेत. यांच्याही रिपोर्टात मीच टाकली होती. पुन्हा पुन्हा वापरली असतील. मला कुठे ठाऊक, कुणी मोजून राहिलं म्हणून?"

नंदिनीनं यादीवरून नजर उचलली. मग हळूच म्हणाली, "काकू, मले विचारलं तं असतं."

चोवीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आपण उपकार करतो आहोत अशीच बाईंची आजवर समजूत होती. कानशिलं गरम झाली. त्यांनी पुन्हा यादीत डोकं घातलं, आणि पहिल्या क्रमांकाचं नाव नीट वाचल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. दुर्गेश नाकाडे, २००९.

"अगं, हा तर तुझा सरच! याच बाकड्यावर बसायचा. काडीसारखा पोरगा, शब्द फुटायचा नाही तोंडातून. त्याची अख्खी प्रस्तावना मी लिहिली. वाचून उडालाच होता. 'काकू, मले हेच म्हणायचं होतं!' म्हणाला. काहून रडून राहिली वं? उद्या मी येते तुझ्यासोबत. त्याला सगळं ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाई निघाल्या. ठेवणीतली नारायणपेठ नेसल्या होत्या. चोवीस वर्षांत त्या कॉलेजच्या फाटकाच्या आत गेल्या नव्हत्या; कॉलेजच त्यांच्याकडे यायचं. जिना चढून विभागात शिरल्या आणि समोरच्या भिंतीपाशी त्यांचे पाय थबकले.

काचेच्या चौकटीत, बोटभर उंचीच्या अक्षरांत, इंग्रजीत एक वाक्य होतं. मराठीत त्याचा अर्थ असा : 'प्रत्येक यंत्र आधी कुणाची तरी अडचण असतं यंत्र ते नंतर होतं.' खाली नाव होतं. प्रा. दुर्गेश नाकाडे.

बाईंनी पुन्हा वाचलं. हे वाक्य त्यांना कुठे सुचलं तेही आठवत होतं. दुकानाचा कूलर बंद पडला होता, आणि ओल्या टॉवेलनं मान पुसताना ते आलं होतं. तेव्हापासून ते त्यांचं लाडकं. फार थोड्यांना दिलं होतं त्यांनी. नंदिनीचं मशीन आवडलं म्हणून तिला दिलं.

"तुमाले माहीत नाही?" नंदिनी म्हणाली. "सर दरवर्षी पहिल्या लेक्चरले हे बोलतात. पोरं टाळ्या वाजवतात. माझ्या रिपोर्टात पहिलंच वाक्य हे निघालं. मी सर्किटचीच पानं तपासली, प्रस्तावना पाह्यलीच नाही. सर म्हणे, माझंच वाक्य चोरून मलेच दाखवते?"

बाईंना बसावंसं वाटलं, पण तिथे खुर्ची नव्हती.

विभागप्रमुख हर्षा मॅडमच्या खोलीत नाकाडे सर होतेच. आता काडीसारखे राहिले नव्हते. बाईंना बघताच उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला. "काकू! तुम्ही? मॅडम, या चारुशीलाकाकू. माझा रिपोर्ट यांनीच टाइप केला होता. माझ्या सगळ्या बॅचचे यांनीच केले."

त्या नमस्कारानं बाईंना धीर आला. "दुर्गेश… सर, तेच सांगायला आली मी. या पोरीचा काही दोष नाही. ती वाक्यं माझी आहेत. तुमच्यातही मीच घातली होती. आठवतं ना?"

सर हसले, अगदी मोकळं हसले. "काकू, टाइप तुम्ही केलं, मी कुठे नाही म्हणतो? पण लिहिलं तर मी होतं."

"तुम्ही नव्हतं लिहिलं. तुम्ही दोन पानं आणली होती, आणि त्यातलं एक दुसऱ्याचं झेरॉक्स होतं."

सरांचे कान लाल झाले. हर्षा मॅडम पुढे सरकल्या. "बाई, तुम्ही काय बोलता आहात ते कळतंय ना? काही पुरावा?"

"आहे," बाई म्हणाल्या. "सरांचा रिपोर्ट काढा."

कपाटातून काळ्या रेक्झिनचं पुस्तक आलं. बाईंनी पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान उघडलं. "वाक्य संपलं की मी दोनदा स्पेस देते. टाइपरायटरची सवय आहे. आताची पोरं एकदाच देतात. बघा, प्रत्येक पूर्णविरामानंतर जागा जास्त आहे. आता नंदिनीचं बघा. तीच."

मॅडमनं टेबलावरची पट्टी घेऊन खरोखर मोजलं. दोन्हींकडे सारखंच होतं. नंदिनीचा चेहरा उजळला.

"पण मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "टाइप काकूंनी केलं म्हटल्यावर जागा काकूंचीच असणार ना. वाक्य माझं, जागा त्यांची."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस कुठेतरी पापणी हलवतो, पाण्याचा ग्लास उचलतो. दुर्गेशनं काहीच केलं नाही. तो खोटं बोलतच नव्हता. सोळा वर्षं ते वाक्य म्हणून म्हणून त्याला ते स्वतः लिहिल्याचं आठवायला लागलं होतं. बहुधा ती रात्र, तो टेबल, ते पेनसुद्धा आठवत असेल. भांडायचं कुणाशी? त्या पोरानं काही चोरलेलंच नव्हतं. त्यांनी दिलं होतं आणि तो घेतल्याचं विसरला होता, एवढंच.

हर्षा मॅडमनी मार्ग काढला. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांना दुपारी दोनच्या आत ही फाइल मिटवायची होती. "असं करू. मुलीला दोन दिवस देते, पहिलं प्रकरण पुन्हा लिहू दे. समितीकडे जात नाही. पण फाइलला एक कागद लागेल. तुम्ही लिहून द्या, की प्राध्यापक नाकाडे यांच्या रिपोर्टातला मजकूर तुम्ही टायपिंग करताना विद्यार्थिनीला न विचारता वापरला."

"म्हणजे मी सरांचं चोरलं, असं लिहून देऊ?"

"चोरलं नका लिहू. 'अनवधानाने वापरला' लिहा."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मग मुलीलाच विचारावं लागेल. समितीपुढे."

"नका देऊ काकू," नंदिनी एकदम बोलली. "तुमचं आहे तं तुमचंच आहे. मी जाते समितीपुढे. काय होते ते होऊ द्या!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची पोर, ओठ थरथरत होते आणि मान ताठ होती. क्षणभर बाईंना वाटलं, जाऊ द्यावं. चोवीस वर्षांत शेकडो रिपोर्टांत वाक्यं गेली, एकावरही नाव नाही. निदान एकदा तरी कुणी विचारावं, हे कुणाचं. असं वाटलं हे खरं, आणि वाटल्याची लाजही वाटली. विचारल्याशिवाय वाक्य घातलं त्यांनी आणि डिग्री जाणार हिची.

"कॉम्प्युटर कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "मीच टाइप करते."

क्लार्कच्या खुर्चीत बसून त्यांनी दहा बोटांनी तो कागद तीन मिनिटांत संपवला. विषय, संदर्भ, महोदया, समास दोन्हीकडून सारखे. 'प्राध्यापक नाकाडे यांनी लिहिलेला मजकूर' या शब्दांपाशी बोटं अडखळली. मागे येऊन त्यांनी ते शब्द पुन्हा वाचले, शुद्धलेखन बरोबर होतं. प्रिंट निघाली, सही केली.

बाहेर सोडायला सर आले. चौकटीपाशी थांबून म्हणाले, "काकू, मनावर नका घेऊ. तुम्ही माझ्यासाठी किती केलं ते मला ठाऊक आहे."

"नाही घेत," बाई म्हणाल्या. मग काचेवर बोट ठेवलं. "इथे स्वल्पविराम गळला आहे. 'अडचण असतं'नंतर. तो टाकून घ्या. बोलतानाही तिथे जरा थांबायचं असतं."

सर काचेकडे बघत राहिले. बाई जिना उतरून गेल्या.

दुपारी नंदिनी दुकानात आली आणि पहिल्यांदाच स्वतः कीबोर्डपाशी बसली. बाई मागे कागद कापत राहिल्या. एका बोटानं टकटक करत पोरीनं तासभरात एक पान केलं.

"पाहा ना काकू."

बाई वाकल्या. इंग्रजी वाक्य लंगडत होतं. काळ चुकलेला, एक शब्द भलत्याच जागी. अर्थ मात्र लख्ख होता : धंतोलीतल्या दवाखान्यात माझ्या आईची बाटली संपली आणि तिचं रक्त नळीत उलटं चढलं. कोणी पाहून नव्हतं राहिलं. मी पण झोपली होती.

चार महिने ही पोर दुकानात येत होती. आईचं हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं. त्यांच्याजवळ वाक्य तयार होतं, विचारायची गरजच पडली नव्हती.

"आई…?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत आता. धुणीभांड्याले जातात." नंदिनी स्क्रीनकडेच बघत होती. "बरोबर आहे का काकू? चुकलं असन तं करून द्या."

एका ओळीत तीन चुका होत्या. बाईंचा हात सवयीनं पुढे गेला, बॅकस्पेसच्या बटणावर बोट टेकलं. मग त्यांनी तो मागे घेतला, पदराला पुसला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि खाली मधोमध पान क्रमांक एक टाकला.