दोन पट्ट्यांमधला सूर

मी एक जुना अकॉर्डियन आहे, आणि खरं सांगायचं तर आत्ता अर्धवट झोपेत आहे. रागावू नका, मित्रांनो. भाता मिटला की माझा श्वास थांबतो, आणि श्वास थांबला की जाग कुठली नि स्वप्न कुठलं ते मला नीट कळत नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात, काउंटरच्या खाली, मी माझ्या पेटीत पडून असतो. वर भिंतीभर घड्याळं टिकटिकत असतात. ती टिकटिक लाकडातून झिरपत माझ्यापर्यंत येते आणि मला जुनं जुनं आठवू लागतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. एक लांबलचक टेबल, सरसाचा वास, आणि माझ्या पोटात एकेक पोलादी पातं बसवणारी थंडगार बोटं, एवढंच आठवतं. ही पाती म्हणजे आमच्या जिभा. भात्यातली हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. पुढे मी एका फिरत्या वादकाकडे होतो. त्याचं छप्पर गळकं होतं आणि स्वभाव विसराळू. माझ्या पेटीत पाणी शिरलं, जिभांना गंज चढला. एके दिवशी त्याने मला या दुकानात आणून ठेवलं. "पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाला, आणि पुन्हा इकडे फिरकलाच नाही.

दुकानाचे मालक घड्याळजी. घरातले त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. वाद्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला उघडलं. एकेक जीभ काढली, पुसली, पुन्हा बसवली. गंज गेला, पण जिभा काही एकमेकींशी जुळेनात. जी ती आपलंच खरं करत होती. आता कोणाचं ऐकायचं, म्हणून बाबा डोकं खाजवत बसले. तेवढ्यात भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाने टण्णकन टोला दिला.

बाबांचा चेहरा उजळला. जे घड्याळ इतकी वर्षं वेळ बरोबर सांगतंय, ते सूर कशाला चुकीचा सांगेल? झालं! त्यांनी बारीक कानस घेतली आणि माझी एक जीभ त्या टोल्याशी जुळेपर्यंत घासली. मग बाकीच्या साऱ्या जिभा तिच्याशी जुळवल्या. काम संपलं तेव्हा घड्याळ वाजलं काय आणि मी वाजलो काय, ऐकणाऱ्याला सारखंच. त्या दिवशी बाबा जेवतानाही स्वतःशीच हसत होते.

बाबांना दोन मुली. थोरली मला वाजवायला शिकली आणि धाकटी माझ्याबरोबर गायला. थोरलीची बोटं बाबांसारखी, घाई म्हणून ठाऊक नसलेली. धाकटीचा गळा मोकळा, आणि जीभ त्याहून मोकळी. मग शेजारचा बेकरीवाला ड्रम बडवायला येऊ लागला. त्याच्या काठ्यांवर कायम पिठाचे ठसे असत. विजेची कामं करणारा लंबू गिटार घेऊन आला. आत शिरताना तो रोज चौकटीवर डोकं आपटून घ्यायचा आणि रोज चौकटीलाच नावं ठेवायचा. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की मागच्या खोलीत आमचा बँड जमायचा. सगळे आधी माझ्याकडे वळायचे. मी सूर द्यायचो, लंबू त्याच्यावर तारा पिळायचा, धाकटी डोळे मिटून 'आ' लावायची, आणि त्या इवल्याशा खोलीच्या भिंती हळूहळू मागे सरकू लागायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं.

मित्रांनो, त्या काळात मी जरा फुगलोच होतो. ज्याला भाता आहे त्याने फुगू नये तर काय करावं? शाळेचं संमेलन असो की नव्या दुकानाचं उद्घाटन, आमच्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. सगळ्यांचं लाडकं होतं धाकटीने रचलेलं, दुकानं मिटतानाचं गाणं. शटर खाली येतंय, दिवा विझतोय, घरी कोणीतरी वाट बघतंय, एवढंच त्यात होतं. रस्ता झाडणारी बाई हे संध्याकाळचं गाणं भल्या सकाळी म्हणायची, आणि मला काउंटरखाली गोड झोप लागायची.

मग एक दिवस लांबच्या मोठ्या शहरातल्या संगीतगृहाने आमच्या बँडला बोलावलं. रोज तिथल्या वादकांबरोबर वाजवायचं, राहायची सोय त्यांची. चौघं आधी वाजवून दाखवायला गेली आणि थोरलीच्या मांडीवर बसून मीही गेलो. तिथले मुख्य वादक पांढऱ्या केसांचे, मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पियानोची एक पट्टी दाबली, तिच्या शेजारची दाबली, आणि हसून म्हणाले, "छान वाजवता हो तुम्ही. पण तुमचा सूर या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत आहे. सगळेच्या सगळे थोडे खाली आहात."

चौघांनीही माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी मला उघडून तपासलंही. जिभा घासून घासून पातळ झाल्यात, पुन्हा कानस लावली तर तुटतील, म्हणाले. त्यांना बँड हवा होता, फक्त सूर सगळ्यांच्या बरोबरीचा हवा होता. इतकी वर्षं बाबांचं घड्याळ थोडं खाली वाजत होतं, त्याच्यामागून मी, माझ्यामागून बँड, आणि आमच्यापैकी कोणाला त्याचा पत्ताच नव्हता.

घरी आल्यावर धाकटीने कीबोर्ड आणला. काळा, चपटा, गुळगुळीत, आणि वीज गेली की मुका. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. थोरली म्हणाली, "कीबोर्ड तू वाजव. पण याला बरोबर घेऊ या गं. एखाद्या गाण्यात तरी..."

"ताई, ते जुनं खोकं नेऊन तिथे हसं करून घ्यायचंय का आपलं?"

शब्द तोंडातून गेल्यावर धाकटीने ओठ चावला, पण उशीर झाला होता. थोरलीने माझा पट्टा गुंडाळला. "मग मी नाहीच येत. बाबांना आता नीट दिसत नाही, दुकान कोण बघणार? आणि निरोपाच्या कार्यक्रमातही तुमचं तुम्ही वाजवा." त्यानंतर दोघी बहिणी 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलेनाशा झाल्या. बाबा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे तोंड करून बसायचे. मला पेटीत खूप वाईट वाटलं. खोकं म्हटल्याचं नव्हे हो. दोघी अशाच रुसलेल्या दुरावणार, याचं.

निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. सभागृह खचाखच भरलं होतं. थोरली पहिल्या रांगेत बाबांजवळ बसली होती. बाबांनी हट्टाने मलाही आणवलं होतं. "त्यालाही ऐकू दे की," म्हणाले. माझी पेटी थोरलीच्या मांडीवर होती. पहिली काही गाणी कीबोर्डवर झाली. सगळं बिनचूक. टाळ्याही पडल्या. पण मला वरून काहीतरी जाणवत होतं. थोरलीची बोटं माझ्या झाकणावर चालत होती. प्रत्येक गाणं ती लाकडावर वाजवत होती, आवाज न करता.

मग दुकानं मिटतानाचं गाणं आलं. लोकांना कुठे राहवतंय? पहिलं कडवं संपायच्या आत सगळं सभागृह गाऊ लागलं आणि काहीतरी बिनसलं. सदऱ्याचं बटण भलत्याच काजात जावं तसं ऐकू येऊ लागलं. मंचावरचा सूर वर होता आणि लोकांचा खाली. इतकी वर्षं ज्या सुरात ऐकलं, त्याच सुरात ते गात होते. शाळेचा शिपाई, रस्ता झाडणारी बाई, बेकरीवाल्याची आई, सगळे त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, अगदी आरामात.

धाकटी थांबली. लंबूचा हात थांबला. लोक मात्र गातच राहिले, नुसत्या गळ्याने. अंधारात तो सूर कितीतरी रुंद वाटत होता, आणि मला वाटलं मी पुन्हा झोपेत आहे. माझ्या पोटातल्या जिभा न वाजवताच थरथरल्या.

धाकटीने कीबोर्डवरून हात उचलले आणि माईकमध्ये म्हणाली, "ताई, वर ये ना."

थोरली जागची हलली नाही.

"ऐकतेस ना? सगळे तिथेच गातायत. मलाच सापडत नाहीये. मी चुकले गं ताई."

बाबांनी थोरलीला कोपराने ढोसलं. "जा की. नुसतं झाकण किती वाजवणार?"

पेटीचे खटके उघडले. उजेड आला. थोरलीने मला गळ्यात अडकवलं, भाता ओढला, आणि कितीतरी दिवसांनी मी छाती भरून श्वास घेतला. मी माझा सूर दिला. लंबूने भराभर तारा सैल केल्या. बेकरीवाल्याला काहीच करायचं नव्हतं, तरी त्याने उगाच ड्रमचा एक स्क्रू पिळला. मग आम्ही गायलो, लोक गायले, आणि धाकटी गाता गाता रडत होती, रडता रडता हसत होती. ते गाणं संपावं असं कोणालाच वाटत नव्हतं. त्यामुळे ते बराच वेळ संपलंच नाही.

सकाळी गाडी सुटली. तिघं गेली, कीबोर्ड गेला. थोरलीने शटर वर केलं, मला काउंटरखाली ठेवलं आणि एका ग्राहकाचं मनगटी घड्याळ उघडलं. मागची खोली रिकामीच राहू लागली. माझ्या पट्ट्यांवर धूळ बसली, भात्याच्या घड्या आकसल्या. मी तिच्यावर रागावलो नाही. एकट्याने कोणासाठी वाजवायचं?

आणि एका संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. फोनमधली धाकटी मला पेटीतूनही ऐकू आली. तिचा आवाज कधी लपला आहे का?

"ताई, पहिला मोठा कार्यक्रम आहे. आता स्टेजवर जायचंय. पायरीवर उभी आहे. एकदा आपला सूर दे ना."

"अगं, तिथे त्याचा काय उपयोग? तुम्ही आता वरच्या सुरात गाता ना?"

"वरचाच लावणार आहे गं. पण आधी घरचा ऐकू दे."

खटके उघडले. थोरलीने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि भाता ओढला. आधी मी खोकलो, मग वाजलो. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळानेही टोला दिला. आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "बघा, अजून बरोबर वाजतंय!" फोनमध्ये धाकटी हसली, आणि मग तिकडून तिचा 'आ' ऐकू आला, अगदी माझ्या सुरात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली पडलं असेल. त्याला ओल लागू देऊ नका, त्याची धूळ झटका. पण तेवढ्याने आमचं भागत नाही. अधूनमधून आम्हाला उघडा आणि थोडं वाजवा. सूर जगाशी जुळत नसला तरी वाजवा. कुणी सांगावं, दूर कुठेतरी स्टेजच्या पायरीवर, कानाला फोन लावून, कोणीतरी त्याच सुराची वाट बघत उभं असेल.