पेजिंग फाइल आणि ह्यांचा आवाज

जावयावर ओरडता येत नाही, हे माझं दुखणं. पोटचा पोरगा असता तर फोनवरूनच सोलून काढला असता.

"आई, घाबरू नका. काय दिसतंय स्क्रीनवर?"

"मेमरी कमी आहे म्हणतोय मेला. सेव्ह दाबलं की तेच."

आमचे हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. दुपारी घशाचं ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर ह्यांचा आवाज कायमचा बंद. लेकीला सातवा महिना. म्हणून येणाऱ्या नातवंडासाठी ह्यांनी सकाळपासून माइकसमोर बसून गोष्टी सांगितल्या होत्या. माकडाच्या, चोराच्या, लिफ्टमध्ये अडकलेल्या लठ्ठ राजाच्या. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, त्याच्या गोष्टीत लिफ्ट येणारच. मध्ये थांबून सेव्ह करावं, एवढी अक्कल दोघांपैकी एकालाही सुचली नाही.

जावईबापू सांगतील तसं मी करत गेले. बाकीचे प्रोग्राम बंद केले. फरक शून्य. मग सेटिंगमध्ये खोल खोल शिरून व्हर्च्युअल मेमरीची खिडकी उघडली. 'पेजिंग फाइल नाही' या ओळीपुढे ठिपका होता.

मी ती ओळ फोनवर वाचून दाखवली.

"आई... ती मीच बंद केली होती मागच्या महिन्यात. मेमरी भरली की जादाचा माल कॉम्प्युटर डिस्कवरच्या त्या फाइलमध्ये ठेवतो. फार जागा खात होती, म्हटलं उगीच कशाला."

"बरं केलंत हो," मी म्हणाले. दात इतके आवळले होते की दाढ ठणकायला लागली.

फाइल परत चालू करून 'सेट' दाबलं. मशीन म्हणालं, रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होणार नाही. आणि रीस्टार्ट म्हणजे सेव्ह न झालेलं सगळंच्या सगळं गेलं!

मग मात्र माझा तोल सुटला. "अहो जावईबापू, कुणी सांगितला होता तुम्हाला हा नसता उपद्व्याप? माझ्या माणसाचा आवाज जातोय इथे!" पुन्हा सेव्ह, पुन्हा नकार. निदान वाजवून फोनवर उतरवून घ्यावं म्हटलं, तर प्रोग्रामच गोठला. मी ढसाढसा रडायला लागले.

ह्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच रीस्टार्टवर क्लिक केलं. स्क्रीन काळी झाली.

"अहो, काय केलंत हे!"

"गाडी येईल आता," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चालू झालं की नवीन सांगतो. रडू नकोस, माइकमध्ये येईल."

म्हातारं मशीन कण्हत-कुंथत उठलं. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि बाहेर हॉस्पिटलच्या गाडीचा हॉर्न वाजला.

हे माइकवर वाकले. "बाळा, मी तुझा आजोबा. गोष्टी आजीला विचार, तिला सगळ्या पाठ आहेत. ती ओरडेल, घाबरू नकोस. खरं सांगू का, ती..."

"सेव्ह करा आधी! आधी सेव्ह करा!" मी किंचाळले.

या वेळी झालं सेव्ह, एका झटक्यात.

नात आता मांडीवर बसून ते ऐकते. 'ती'नंतर नुसता माझा आरडाओरडा. त्याखाली ह्यांचे शब्द आहेत, पण कितीही कान लावला तरी कळत नाहीत. काय म्हणालात, लिहून तरी द्या, असं विचारलं की हे हसतात आणि कागदावर लिहितात, 'चहा टाक'. मी चहा टाकते आणि ओट्यापाशी उभी राहून रडते.