समुद्राकडची खोली

उन्हाळा सरला, पाहुणे पांगले आणि बंदराच्या उतारावर पिवळ्या पानांचा सडा पडू लागला. त्याच उतारावर दोघी जावा मिळून एक लॉज चालवत. थोरलीचा नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे किल्ल्या आणि शेवटचा शब्द तिच्याकडे. स्वयंपाकघर धाकटीचं. धाकटीचा नवरा नळापासून छपरापर्यंत सगळं दुरुस्त करी आणि दोघींचं निमूट ऐकून घेई.

त्या सकाळी दोघी वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली बंद करायला गेल्या. पडदे उतरवायचे, गाद्या गुंडाळायच्या, की काम संपलं. धाकटीने खिडकी उघडली आणि ती तिथेच रेंगाळली. धुकं नुकतंच विरत होतं. पाणी इस्त्री फिरवल्यासारखं सपाट होतं. ऊन सरळ आत येऊन पलंगावर पसरलं होतं.

"जाऊबाई, या पलंगावर तुम्ही कधी झोपलायत का?"

"चादरी बदलायला वाकलेय. झोपायला सवड कुणाला होती?"

"मग आज झोपू. आज आपणच पाहुण्या."

हिला ताप तर भरला नाही ना, अशा नजरेने थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग गादीवर हात दाबून पाहिला, जरा टेकली आणि चपला काढून पाय वर घेतले.

"दुपारपर्यंतच हं," ती म्हणाली.

धाकटीने लगेच पलंगाजवळची घंटा वाजवली. तिचा नवरा दोन-दोन पायऱ्या चढत धापा टाकत आला. हातात पाना, नाकाला काजळी.

"काय झालं? नळ फुटला?"

"दोन चहा हवेत. आणि पाहुण्यांच्या खोलीत येताना दार वाजवावं."

आता वहिनी हिला चांगलीच झापणार, म्हणून तो वाट पाहत उभा राहिला. वहिनी उशीला टेकून म्हणाली, "माझ्यात साखर कमी."

चहा आला. थोरलीने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कोमट आहे. मालकिणीला बोलवा."

"नको. मालकीण फार खाष्ट आहे," दीर गंभीरपणे म्हणाला. "जे आहे ते गोड मानून घ्या."

थोरली इतकी हसली की चहा चादरीवर सांडला. डाग धुवायला मात्र ती उठली नाही.

दुपारचं जेवणही वरच आलं. जेवल्यावर कधी डोळा लागला ते थोरलीला कळलंच नाही. ती घोरत होती, हे धाकटीने नंतरही तिला सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर दार वाजलं. दीर आत आला तो खराच कामाने. "वहिनी, खाली एक गृहस्थ आलेत. हीच खोली हवी म्हणतात. उन्हाळ्यात कधी मिळत नाही, म्हणून मुद्दाम आत्ता आले."

धाकटी चादर आवरू लागली. थोरलीचा एक पाय सवयीने चपलेत गेलाही. आजवर तिने कुणा पाहुण्याला नाही म्हटलं नव्हतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. बोटी माघारी फिरत होत्या आणि पाण्यावर तांबूस उजेड पसरला होता. तिने पाय पुन्हा वर घेतला.

"भरलेली आहे म्हणावं. आजची रात्र त्यांना बागेकडची द्या. ही उद्या."

"कोण उतरलंय असं विचारलं तर?"

"दोन बायका हवापालटाला आल्यात म्हणून सांगा."

गृहस्थांनी आढेवेढे घेतले नाहीत. दिवस मावळेपर्यंत दोघी खिडकीत बसून द्राक्षं खात होत्या आणि खालून जाणाऱ्यांची मापं काढत होत्या. ओळखीचं कुणी वर पाहिलं की दोघी पडद्याआड व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी थोरलीने स्वतः नवी चादर घातली आणि गृहस्थांची बॅग वर आणवली. एरवी किल्ली हातात देऊन ती निघून जाई. आज दारातच थांबली.

"जरा हात लावा," ती म्हणाली. "पलंग खिडकीकडे सरकवू. इथून पडल्यापडल्या बोटी दिसत नाहीत."