थोरल्याचा बिल्ला

गोदीच्या फाटकावर बसणारा मुकादम माणसाचं तोंड कधी बघायचा नाही, बिल्ला बघायचा. पितळेचा गोल बिल्ला, मधोमध ठोकलेला आकडा. बिल्ला छातीवर असला की माणूस आत, नसला की बाहेर. त्यामुळे गोदीवाल्यांच्या घरोघरी एक रीत पडून गेली होती. भाऊ तापाने फणफणला की भाऊ, जावई पडून राहिला की मेहुणा, त्याचा बिल्ला लावून कामावर जायचा. ओझ्याला खांदे हवेत, ते कुणाचे का असेनात. मुकादमाला हे कळत नव्हतं असं नाही. पण जहाज वेळेवर रिकामं झालं की त्याच्या डोक्याचा ताप मिटायचा. मग तो कशाला नसत्या चौकशा करतोय.

घरात दोन भाऊ, दोन जावा आणि म्हातारी सासू. थोरला गोदीत, धाकटा दोरखंडाच्या कारखान्यात. लढाई पेटली तसा कायदा कडक झाला. गोदीत वारंवार दांडी मारणाऱ्याची रवानगी थेट तुरुंगात. थोरला मनाने वाईट नव्हता, पण अंगाचा जड आणि घशाचा कोरडा. त्याच्या दांड्यांचं माप आधीच भरत आलं होतं, आणि त्या सकाळी तो आदल्या रात्रीच्या दारूत भिंतीकडे तोंड करून असा पडला होता की कानाशी ढोल बडवला असता तरी कूस बदलून झोपला असता.

"आज ह्याला उचलून नेणार," म्हातारीने कपाळाला हात लावला.

धाकट्याने खुंटीवरच्या सदऱ्याचा बिल्ला काढला आणि आपल्या छातीवर लावला.

"आणि तुमचा खाडा?" धाकटीने विचारलं.

"माझा पहिलाच. पहिला माफ असतो."

"मुकादमाने ओळखलं तर?"

"पाठमोरे उभे राहिलो तर आईला कळत नाही कोण कोणता. मुकादम तर समोरून आंधळा." त्याने पायात चपला सरकवल्या. "दादा उठला की त्याला सांग, संध्याकाळी त्याने माझे पाय दाबायचे आहेत."

थोरला उठला तेव्हा गोदीच्या बाजूला धूर चढला होता.

धक्क्याला लागलेल्या त्या जहाजात वर कापसाच्या गाठी होत्या आणि खाली दारूगोळा. खाली काय आहे ते आग विझवायला आलेल्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. लढाईचं गुपित होतं ते. त्यामुळे माणसं पळाली नाहीत. उलट कारकून खिडक्यांत आले, पोरं भिंतींवर चढली, बायका ओले हात पुसत गच्चीवर गेल्या. जळतं जहाज काही रोज बघायला मिळत नाही. लोक बघत होते, आणि बघता बघता जहाज नव्हतं.

शहरात एक खिडकी धड राहिली नाही. लोखंडाचे जाड पत्रे कागदासारखे उडत आले. न्हाव्याच्या दुकानात छप्पर फोडून नांगराचा तुकडा पडला; गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी गेलं, न्हाव्याला ओरखडासुद्धा नाही, आणि त्याने पुन्हा वस्तरा हातात धरला नाही. पेटत्या कापसाचे गोळे गल्ल्यागल्ल्यांत उतरले, अगदी सावकाश, आणि जिथे उतरले तिथली घरं गेली. पुढे कितीतरी दिवस पिठात, अंथरुणात, तान्ह्या मुलांच्या केसांत काच सापडायची. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: बंदरात किरकोळ आग, तत्काळ आटोक्यात. तेच वर्तमानपत्र लोकांनी खळ लावून खिडक्यांना चिकटवलं, गेलेल्या काचांच्या जागी.

त्यांची गल्लीही जळाली. थोरल्याने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि दोघी जावा मागून धावल्या, एवढं खरं. पण धाकटीचा जीव गोदीकडे ओढत होता. ती धक्क्यावर गेली तेव्हा धक्का नव्हता, नुसतं काळं पाणी. नंतर कुणीतरी एक बिल्ला आणून दिला, कडेने वितळलेला, पण आकडा वाचता येत होता. ज्या देहावर तो होता तो केव्हाच बाकीच्यांबरोबर पुरून टाकला होता. आकड्यावरून नाव काढलं. नाव निघालं थोरल्याचं.

"उद्या जाऊन सांगू," त्या संध्याकाळी थोरला म्हणाला. तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता. "माझ्यासाठी गेला गं तो. उद्या मी स्वतः जाऊन सांगतो."

पण दुसऱ्या दिवशी भिंतीभिंतींवर कागद लागले. आग कुणीतरी लावली, शत्रूच्या हस्तकांनी लावली. त्या दिवशी जे जे कामावरून गायब होते त्यांनी हजर व्हावं. दोरखंडाच्या कारखान्याने आपल्याकडचा माणूस लगेच कळवला: त्या दिवशी आला नाही, त्यानंतर कुणाला दिसला नाही. चार दिवसांत धाकट्याचं नाव मोठ्या अक्षरांत भिंतीवर होतं. जहाजावर मेलेला माणूस जहाज जाळणारा ठरला.

गोदीत मेलेल्यांच्या घरच्यांना एका बंद पडलेल्या शाळेत खोल्या मिळाल्या. त्यांनाही मिळाली, थोरल्याच्या नावाने. शेजार सगळा नवा, कुणी कुणाला आधी पाहिलेलं नाही. खोलीला लाकडी माळा होता, जुने काळे फळे ठेवायचा. थोरला त्या माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. खाली त्याची बायको त्याची विधवा म्हणून वावरू लागली.

सुरुवातीला थोरलीला रडू यायचं नाही. शेजारणी समजवायला आल्या की ती पदरात तोंड लपवायची, आणि माळ्यावर खोकला आला की मोठ्याने हुंदका द्यायची. होता होता तिला ते जमलं. पाण्याच्या रांगेत बायका तिला पुढे सोडायच्या. "माझे हे गेले" हे वाक्य इतक्या वेळा तोंडून गेलं की ते म्हणताना तिचे डोळे आपोआप भरून यायला लागले.

धाकटीला रांगेत कुणी पुढे सोडायचं नाही. तिच्या घागरीला धक्का लागायचा. एकीचा मुलगा गोदीत गेला होता, तिने एकदा धाकटीच्या तोंडावर विचारलं, "नवरा कुठे लपवलायस? शत्रूचे किती पैसे गिळले त्याने?" धाकटी घागर घेऊन परत आली. आपल्या माणसासाठी तिला मोठ्याने रडताही येत नव्हतं, कारण कागदोपत्री तो मेलाच नव्हता.

तिने फार मागितलं नव्हतं. नवरा परत द्या म्हणाली नाही. तो कसा मेला ते एकदा चारचौघांत सांगा, एवढंच तिचं म्हणणं.

जेवणाचं ताट माळ्यावर तीच पोचवायची. म्हातारीचे गुडघे गेलेले, आणि विधवेने शिडी चढलेली कुणी पाहिली तर पंचाईत. "भावजी," ती हळूच म्हणायची, "आता तरी खाली उतरता का? चुकून कामाला गेलो नाही म्हणा, भाऊ गेला म्हणा. फार तर दोन वर्षं आत काढाल."

"उतरतो गं. जरा वातावरण निवळू दे."

"वातावरण माझ्या घागरीपाशी येऊन बघा."

"उद्या नक्की," तो म्हणायचा आणि ताटात बघायचा.

म्हातारी खालून सगळं ऐकत असायची. "पोरी," एकदा ती म्हणाली, "मलाही तो पोटचाच होता. पण गेलेल्याला नावाचं काय गं? त्याला आता ना कुणी मारू शकत, ना शिव्या त्याच्या कानापर्यंत जात. हा जिवंत आहे. एक तरी राहू दे मला."

"शिव्या माझ्या कानापर्यंत येतात, आई."

"तू सोसणारी आहेस."

"हो, हे बरंय," धाकटी म्हणाली. "जो सोसतो त्यालाच आणखी वाढायचं."

पुढे गोदीवर दगड उभा राहिला, मेलेल्यांच्या नावांचा. मोठ्या साहेबाने पडदा ओढला. विधवांना पुढच्या बाकांवर बसवलं होतं; थोरलीला साहेबाने स्वतः हात जोडले. धाकटीला फाटकातून आत सोडलं नाही. कर्तव्य बजावताना धारातीर्थी पडले, असं साहेब भोंग्यातून म्हणाला ते तिने बाहेरूनच ऐकलं. वर कापूस आणि खाली दारूगोळा कुणी भरायला लावला, हे भोंग्यातून आलं नाही. परत आल्यावर थोरलीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "नाव छान कोरलंय त्यांचं. उन्हात चमकतं." माळ्यावरून आवाज आला, "कितव्या ओळीत?"

हा माणूस आता उतरणार नाही, हे धाकटीला तेव्हा कळलं.

उतरवला तो शेजाऱ्यांनी. तीन बायकांच्या खोलीत पुरुषी खोकला ऐकू येतो म्हणून कुणीतरी चौकीत कळवलं. भर दुपारी शिपाई आले. शिडी तिथेच होती. दाढी वाढलेला, पांढराफटक पडलेला थोरला डोळे चोळत खाली आला. अंमलदाराने भिंतीवरचा कागद काढला, त्यातलं वर्णन वाचलं, आणि तो प्रसन्नपणे हसला. नाक, उंची, कानाची ठेवण, सगळं जुळत होतं. एकाच आईची मुलं ती, जुळणार नाही तर काय.

"सापडलास की. बायकोच्या पदराखालीच होतास."

"साहेब, मी तो नव्हे," थोरला हात जोडून म्हणाला. "मी थोरला. मेला तो माझा भाऊ."

"थोरल्याचं नाव दगडावर आहे. आमच्या साहेबांनी पडदा ओढलाय." अंमलदार थोरलीकडे वळला. "बाई, हे तुमचे यजमान?"

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. मग दारात जमलेल्या शेजारणींकडे बघितलं, ज्या तिला रोज रांगेत पुढे सोडत होत्या. तिचे ओठ हलले, आणि सवयीने त्यातून तेच बाहेर आलं. "माझे हे गेले." आणि डोळे भरून आले, तेही सवयीने.

म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. तिची वाचाच गेली होती.

आता सगळे धाकटीकडे बघत होते. जे तिला इतके महिने सांगायचं होतं, ते आज तिला विचारलं जात होतं.

"हे माझे मालक नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "हे माझे थोरले दीर. त्या दिवशी ह्यांच्या बिल्ल्यावर माझे मालक गोदीत गेले आणि तिथेच गेले. त्यांनी कसलीही आग लावली नाही. गाठी उचलत होते ते."

अंमलदाराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "छान आहे. दोन बायका, आणि एकीलाही नवरा नको." शिपाई हसले, दारातल्या बायकाही. "थोरली खोटं कशाला बोलेल? तिला काय कमी आहे? तू मात्र नवऱ्याला वाचवायला काहीही बोलशील. चला."

थोरलीला भान आलं ते गाडी निघून गेल्यावर. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी कचेरीत गेली, तो माझाच नवरा म्हणून ओरडली. कारकुनाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "दुःखाने होतं असं, बाई," तो म्हणाला. "वीराची पत्नी आहात तुम्ही. जपा स्वतःला." चौकशी बंद दाराआड झाली. वरच्यांना एक माणूस हवा होता, तो मिळाला होता. दगड बदलायचा, साहेबाला खोटं पाडायचं आणि गाठींखाली काय होतं ते पुन्हा उकरायचं, हे कुणाच्याच सोयीचं नव्हतं. धाकट्याच्या नावाने थोरल्याला जन्मठेप झाली.

थोरलीने अंथरूण धरलं. धाकटीनेच घात केला असं ती भिंतीला सांगत असे. धाकटीशी बोलत नसे.

कैद्याला महिन्यातून एकदा भेटता येत होतं, पण फक्त बायकोला. म्हातारीने फडक्यात बांधून मऊ सदरा आणि खायचं काहीबाही आणलं आणि गाठोडं धाकटीच्या हातात ठेवलं. "तूच जाऊ शकतेस. त्यांच्या लेखी तूच आहेस ना. माझं तोंड बघून जा."

तुरुंगाच्या रस्त्यापलीकडे म्हातारीला सावलीत बसवून धाकटी रांगेत उभी राहिली. नंबर आला.

"कैद्याची तू कोण?" फाटकावरच्या शिपायाने विचारलं.

"दीर लागतात."

"दिराला भेटता येत नाही. कागदावर बायको लिहिलंय."

"कागदावर चुकलंय."

शिपाई वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "बाई, मागे रांग आहे. बायको म्हण आणि आत जा. एक शब्द तर आहे. तुझं काय जातंय त्यात?"

तिने मागे वळून बघितलं. पलीकडे म्हातारी हात कपाळावर आडवा धरून फाटकाकडे डोळे लावून बसली होती. आत एक माणूस गजांशी उभा असेल; त्याने कधी तिचं वाईट चिंतलं नव्हतं, फक्त उद्या उद्या म्हटलं होतं. तो एक शब्द तिने म्हटला असता तर तिच्या माणसाच्या नावावर तिच्याच तोंडाने जहाज जाळणाऱ्याचा शिक्का बसला असता. भिंतींनी म्हटलं होतं, कचेरीने म्हटलं होतं, आईने गप्प राहून म्हटलं होतं. म्हणायची ती एकटीच राहिली होती.

"दीर," ती म्हणाली.

"मग हो बाजूला."

ती बाजूला झाली. मागच्या बाईच्या हातात काहीच नव्हतं, नुसतं कडेवर मूल. धाकटीने गाठोडं तिला दिलं. "तुमच्या माणसाला द्या. सदरा बसेल, मोठा आहे."

रस्ता ओलांडून ती सासूपाशी येऊन बसली. म्हातारीने आधी तिचे रिकामे हात बघितले, मग तोंड.

"भेटला का गं?"

ज्या बाईने शिपायापुढे एक शब्द वाकवला नव्हता, तिला आता जरासुद्धा अडखळायला झालं नाही.

"भेटले."

"काय म्हणाला?"

"तुमच्या गुडघ्यांची चौकशी करत होते."

म्हातारीच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी ऊन पडल्यासारखं झालं. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या वेळी काहीतरी उबदार देऊ त्याला. आत गारठा असेल."

"देऊ," धाकटी म्हणाली, आणि उठायला तिला हात दिला.