पणजोबा नदी ओलांडतात तेवढा वेळ

आरसा करायला काचेवर चांदीचं पाणी ओतलं की आबा गोष्ट सुरू करत: पाठीला आरसा बांधून पणजोबा नदीत उतरले. गोष्ट संपली की काच धुवायची. आधी धुतली तर चांदी पातळ, उशिरा धुतली तर काळपट. दुकानात घड्याळ नव्हतंच. "घड्याळाला थंडी वाजते का?" आबा म्हणत. गारठ्यात चांदी सावकाश बसते, आणि गारठ्यात त्यांची जीभही जड व्हायची.

आबा गेले. त्यांच्या धाकट्या नातीच्या, धाकटीच्या हातून लागोपाठ तीन आरसे वाया गेले.

"आत्या, आबांच्या गोष्टीचा शेवट काय होता गं?"

"मला काय विचारतेस? आमच्या वेळी मुलींना दुकानात पाऊल कुठे टाकू द्यायचे."

दादा कधी ऐकायलाच बसला नव्हता. त्याने सांगून टाकलं होतं, आज चौथा बिघडला तर तयार आरसे आणून विकू.

धाकटीने ओतलं.

पाणी गुडघ्याला.

(काच चहासारखी तपकिरी.)

पाणी कमरेला. पाठीवरच्या आरशात मागचा काठ लहान लहान होत गेला. मधोमध आल्यावर मासे आरशात शिरले, आणि

इथे लहानपणी धाकटी पोत्यांवर झोपून जायची. रोज. जाग यायची ती थेट काच धुण्याच्या आवाजाने.

"आणि?" दारातून दादा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

"आणि पणजोबांना झोप आली."

"नदीत?"

"उभ्या उभ्या."

"काहीही फेकतेस."

"गप ऐक." तिचे डोळे मिटत आले होते. "मासे म्हणाले, हळू, त्यांना उठवू नका. त्यांनीच पणजोबांना ढकलत ढकलत पलीकडे नेलं. काठावर पोत्यांवर एक मुलगी झोपली होती. पणजोबांनी आरसा तिच्या उशाशी ठेवला. आरशातली नदी हळूहळू थांबली. मासे थांबले. मग पाणी वाजलं, आणि मुलगी"

तिने बादली उचलली. काच धुतली.

दादा वाकला. मग आरशात बघून मिशीला लागलेलं दूध पुसलं.

"आबांची गोष्ट अशीच होती?"

"काय माहीत. मी झोपायचे."

त्याने दुसरी काच आणून तिच्यापुढे आडवी ठेवली आणि स्वतः पोत्यांवर टेकला.

"घे. आणि मासे जरा सावकाश सांग. आज गारठा आहे."